काक्षी मंद झाला तेव्हा मी वहीत भलताच आकडा लिहिला होता

फेब्रुवारी २०२०. काक्षी, म्हणजे मृगातला तो तांबूस तारा, बीटलजूज, एकदम मंद झालाय म्हणून जिकडेतिकडे बातम्या चालू होत्या, आता फुटणार, दिवसा दिसणार वगैरे. फुटणार-बिटणार काही नव्हता पण मथळे लिहिणाऱ्यांना कोण अडवणार. माझा भाचा तेव्हा आठवीत होता, त्याला म्हटलं चल गच्चीवर, बातम्या कशाला वाचायच्या, आपणच मोजू. त्याने विचारलं "मामा, मोजायचं कशाने?" मी म्हटलं डोळ्याने. त्याला ती थाप वाटली.

पौर्णिमा होती त्या रात्री, ९ तारीख. चंद्र नुकताच पूर्वेला वर आलेला आणि त्याच्या थोडं खाली मघा. मघाची प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा (जितका लहान तितका तारा उजळ), मला पाठ होती, १.४. काक्षी तिच्यापेक्षा निदान अर्ध्या प्रतीने तरी तेजस्वी दिसत होता, म्हणून मी ऐटीत वहीत लिहिलं: काक्षी ०.९. दुसऱ्या दिवशी जगभरच्या हौशी निरीक्षकांचे आकडे बघितले तर सगळे १.६ च्या आसपास! ०.७ प्रतीचा फरक म्हणजे जवळजवळ दुप्पट प्रकाशाचा घोळ. भाचा इतका हसला की अजून कधीमधी "काय मामा, ०.९?" म्हणून टोमणा मारतो.

तर चूक कुठे झाली हे सांगायचंय, कारण ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याचा सगळा धंदा त्या एका चुकीत दिसतो. पण त्याआधी हे प्रत प्रकरण काय आहे ते सांगायला हवं, कारण भाच्याचा पहिला आक्षेप तिथेच होता. व्याधाची प्रत उणे १.४६ आहे म्हटल्यावर तो म्हणाला "उणे म्हणजे कमी ना? मग तो सगळ्यात तेजस्वी कसा?"

मराठीत खरं तर हे समजायला सोपं जातं कारण आपला शब्दच "प्रत" आहे. पहिल्या प्रतीचा माल, हलक्या प्रतीचा माल, तसंच. पहिली प्रत म्हणजे वरची, सहावी म्हणजे अगदी हलकी, जेमतेम दिसणारी. हे मोजमाप नव्हतंच मुळात, क्रमवारी होती. श्रेय सहसा ग्रीक खगोलज्ञ हिपार्कसला देतात, इसवी सनापूर्वी दुसरं शतक, पण तारे सहा प्रतींत लावलेली जी यादी आपल्यापर्यंत पोचली ती टॉलेमीची, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली, हजारेक ताऱ्यांची. नंतर दहाव्या शतकात इराणी खगोलज्ञ अल-सूफीने स्वतः आकाश बघून ती तपासली, बऱ्याच ताऱ्यांच्या प्रती बदलल्या. या सगळ्यांकडे दुर्बीण नव्हती, काही नव्हतं, डोळा आणि बाजूचा तारा एवढंच. हा त्याच्यापेक्षा जरा उजळ, तो याच्यापेक्षा जरा मंद, बस.

मग दुर्बिणी आल्या आणि पंचाईत झाली. सहाव्या प्रतीच्या खालचे हजारो तारे दिसायला लागले, त्यांना सातवी आठवी नववी म्हणायचं ठीक आहे पण किती मंद म्हणजे नववी? प्रत्येकाची नववी वेगळी. एकाचा दहावा तो दुसऱ्याचा अकरावा. हा गोंधळ १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने मिटवला. तेव्हा तो ऑक्सफर्डला होता. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या साधारण शंभर पट तेजस्वी असतो हे विल्यम आणि जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञ बापलेकांच्या वेळेपासून माहीत होतं, पॉगसन म्हणाला मग बरोब्बर शंभरच धरू. पाच प्रती म्हणजे शंभर पट, तर एका प्रतीला शंभराचं पाचवं मूळ, २.५१२ पट. हाच पॉगसन पुढे १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आला आणि १८९१ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. तिथून त्याने लघुग्रह शोधले, पहिल्याला नाव दिलं एशिया. मला हा माणूस उगाच आवडतो. ज्याच्या सूत्राशिवाय आज एकही खगोलशास्त्रज्ञ ताऱ्याबद्दल बोलू शकत नाही तो तीस वर्षं मद्रासला बसून आकाश बघत होता, आणि आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नाही.

आता हे २.५१२ चं गणित एकदा हातात आलं की मजा येते. एका प्रतीचा फरक अडीच पट, दोन प्रतींचा सव्वासहा पटीच्या आसपास, तीनचा सोळा, चारचा चाळीस, पाचचा शंभर, दहाचा दहा हजार. बेरीज होते प्रतींची आणि गुणाकार होतो प्रकाशाचा. ध्रुव आहे २ च्या आसपास आणि व्याध उणे १.४६, म्हणजे साडेतीन प्रतींचा फरक, म्हणजे चोवीस-पंचवीस ध्रुव एकत्र केले तर एक व्याध. (ध्रुव आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा असतो असं मला लहानपणी ठाम वाटायचं, आणि अजूनही दर दुसरा माणूस तेच म्हणतो. पन्नासातही नसतो तो कधीकधी, कुठली यादी घेता त्यावर आहे.) पौर्णिमेचा चंद्र उणे १२.७, सूर्य उणे २६.७, यात फक्त चौदा प्रतींचा फरक, ऐकायला किरकोळ, पण तो निघतो चार लाख पट. आणि सूर्य विरुद्ध व्याध, तेराशे कोटी पट. असला आकडा बोलता येत नाही, २५ प्रती म्हटलं की बोलता येतो. भाच्याच्या "उलटं का" ला हे माझं अर्धं उत्तर. उलटं आहे कारण प्रत हा दर्जा होता आणि व्याध पहिल्या दर्जात मावेना म्हणून त्याला शून्याच्याही पलीकडे, उण्यात ढकलावं लागलं. उरलेलं अर्धं उत्तर असं की दोन हजार वर्षांच्या नोंदी मोडीत काढायची कुणाची हिंमत झाली नाही.

एक गंमत त्याला विचारली होती ती तुम्हीही करून बघा. पहिल्या प्रतीचे दोन अगदी सारखे तारे इतके जवळ आहेत की डोळ्याला एकच दिसतात, तर त्या एकाची प्रत किती? तो म्हणाला दोन. मग म्हणाला नाही नाही, उलटं असतं ना, अर्धा. दोन्ही चूक. प्रकाश दुप्पट झाला, आणि दुप्पट म्हणजे ०.७५ प्रत, म्हणून एकातून ०.७५ वजा, उत्तर ०.२५. प्रतींची सरळ बेरीज करायची नाही, आधी प्रकाशात उतरायचं, तिथे बेरीज, मग परत प्रतीत यायचं. मित्र तारा, म्हणजे अल्फा सेंटॉरी, असाच डोळ्याला एक दिसतो, त्यातला मोठा जवळजवळ शून्य प्रतीचा आणि धाकटा १.३ चा, दोघं मिळून उणे ०.२७.

बरं, माझ्या चुकीकडे येतो.

पहिली चूक, मघा क्षितिजाच्या जवळ होती आणि काक्षी डोक्यावर. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या सगळ्यात पातळ थरातून येतो, तोही काही अगदी फुकट येत नाही, पाव प्रत वगैरे तिथेही जातेच. तारा तीस अंशांवर असला तर हवा दुप्पट, दहा अंशांवर असला तर साडेपाच पट. म्हणजे खाली असलेली मघा खरी १.४ ची असली तरी माझ्या डोळ्यापर्यंत दोनच्याही खालची होऊन पोचत होती आणि मी तिला १.४ समजून बसलो. दुसरी चूक, चंद्र तिच्या शेजारीच. तिच्या मागचं आकाशच उजळलेलं, त्यात ती आणखी फिकी. आणि तिसरी चूक सगळ्यात बेरकी आहे, काक्षी तांबडा आहे. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघत राहिलं की तो हळूहळू उजळ वाटायला लागतो. मी तर पाच मिनिटं मान वर करून प्रेमाने बघत होतो. जाणती मंडळी सांगतात की तांबड्या ताऱ्याकडे फक्त झटपट नजर टाकायची, याच्याकडे एक कटाक्ष, त्याच्याकडे एक कटाक्ष, आणि लगेच निर्णय. नाहीतर दुर्बीण थोडी आउट ऑफ फोकस करायची, म्हणजे टिंबाऐवजी चकत्या दिसतात आणि चकत्यांची तुलना सोपी जाते.

म्हणजे चूक काक्षीला बघण्यात नव्हती, शेजारी, म्हणजे तुलनेचा तारा, निवडण्यात होती.

दुसऱ्या रात्री परत गेलो. या वेळी शेजारी नीट निवडले. मृगाचे पुढचे-मागचे चार पाय आपण म्हणतो त्यातलाच दुसरा एक, बेलाट्रिक्स, काक्षीपासून थोड्याच अंतरावर, जवळपास तितक्याच उंचीवर, प्रत १.६. आणि दुसरा पुनर्वसूतला पोलक्स, प्रत १.१, तो रंगालाही जरा नारिंगी, म्हणजे काक्षीशी तुलना करायला बरा. आता भाच्याला म्हटलं, पोलक्सपासून बेलाट्रिक्सपर्यंत दहा पायऱ्यांचा जिना आहे असं समज, काक्षी कुठल्या पायरीवर? त्याने तिघांकडे चार-पाच वेळा मान फिरवली आणि म्हणाला "शेवटच्या. बेलाट्रिक्सएवढाच आहे." मला नऊ वाटली. दहा पायऱ्यांत अर्धी प्रत, म्हणजे एक पायरी ०.०५, त्याचा आकडा १.६, माझा १.५५. चष्मा नसलेल्या आठवीतल्या पोराने नुसत्या डोळ्याने दशांशाच्या पहिल्या घरापर्यंत बरोबर आकडा काढला. एकोणिसाव्या शतकात आर्गेलांडर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने पायऱ्यांची ही युक्ती शिस्तीत बसवली आणि रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांची तेजस्विता बदलत राहते ते, आजही असेच नोंदवले जातात. त्याच्याही आधी, १७८३ मध्ये, जॉन गुडरिक नावाच्या इंग्लंडमधल्या पोराने, एकोणीसही पूर्ण नव्हतं त्याला, ऐकूही येत नसे, अल्गॉल हा तारा दर दोन दिवस एकवीस तासांनी मंद होतो हे असंच शेजारच्या ताऱ्यांशी ताडून शोधलं होतं. आणि कारणही बरोबर ओळखलं होतं, कुणीतरी आडवं येत असणार.

नेहमी काक्षी ०.५ च्या आसपास असतो. तिथून १.६ म्हणजे नेहमीच्या प्रकाशाच्या जेमतेम ३६ टक्के उरला होता. मृगाकडे बघून "काहीतरी चुकतंय" असं ज्यांना वाटलं त्यांचं बरोबरच होतं, एक पाय लंगडा झाल्यासारखा दिसत होता.

आता तुम्ही म्हणाल की हे झालं हौशी लोकांचं, मोठे शास्त्रज्ञ थोडेच असं करतात. पण खरं सांगू का, तेही तेच करतात, फक्त डोळ्याच्या जागी दुसरं काहीतरी असतं. शेजारी लागतोच.

त्सोलनर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट घ्या, १८६० च्या आसपासची. त्याने दुर्बिणीतच एक खोटा तारा बनवला, दिव्याच्या उजेडाचा, आणि मध्ये प्रिझम घातले जे फिरवले की खोटा तारा हवा तेवढा मंद करता येई. खरा आणि खोटा सारखे दिसेपर्यंत फिरवायचं आणि कोन वाचायचा. डोळ्याला "किती" हे कळत नाही पण "सारखे आहेत का" हे फार छान कळतं, त्यावर हे सगळं उभं. अडचण एकच, दिवा एकसारखा जळेल तर ना! मग हार्वर्डच्या पिकरिंगने दिवा काढूनच टाकला आणि दुर्बिणीत आरशांनी ध्रुवाचं चित्र आणून ठेवलं, म्हणजे ज्या ताऱ्याला मोजायचं तो आणि ध्रुव शेजारी शेजारी, ध्रुव काय कायम हजर असतो, हलत नाही, बदलत नाही. हजारो तारे मोजले असे. आणि मग १९११ मध्ये हर्ट्झस्प्रुंगने दाखवून दिलं की ध्रुव स्वतःच रूपविकारी आहे, साधारण चार दिवसांत थोडासा उजळतो आणि मंदावतो! फरक बारीक होता, दशांश प्रतीएवढा, पण ज्या फूटपट्टीने सगळं मोजलं ती फूटपट्टीच आखूड-लांब होत होती. हे वाचलं तेव्हा मला माझ्या ०.९ बद्दल जरा बरं वाटलं.

आणि अभिजितचंही तसंच आहे. बरीच वर्षं सोयीसाठी अभिजित म्हणजे शून्य असं धरायचे, सगळ्या रंगांत शून्य. नंतर १९८३ मध्ये आयरॅस उपग्रहाने बघितलं तर त्याच्याभोवती धुळीची तबकडी, लांबच्या अवरक्त प्रकाशात तो असायला हवा त्यापेक्षा उजळ. शिवाय तो स्वतःभोवती भन्नाट वेगाने फिरतो आणि आपल्याकडे नेमकं त्याचं डोकं आहे, त्यामुळे तो सरळसाधा तारा नाहीच. नीट मोजल्यावर तो शून्यही निघाला नाही, ०.०३ निघाला. आता कामाला एकच तारा न घेता प्रमाण ताऱ्यांच्या याद्या वापरतात, आर्लो लँडोल्टने खगोलीय विषुववृत्ताच्या आसपासचे निवडलेले तारे त्यासाठी प्रसिद्ध आहेत, कारण ते दोन्ही गोलार्धांतल्या दुर्बिणींना दिसतात.

रंगाचा मुद्दा आलाच आहे तर तो सोडवत नाही. तेजस्विता म्हणजे कुठल्या प्रकाशातली? हा प्रश्न फोटोग्राफी आल्यावर पडला. जुन्या काचेच्या प्लेटांना निळा प्रकाश जास्त कळायचा, तांबडा जवळजवळ नाहीच. त्यामुळे डोळ्याला सारखे दिसणारे दोन तारे प्लेटवर वेगवेगळे यायचे, निळसर तारा गब्बर टिपका आणि तांबडा तारा बारकुसा. आधी हा प्लेटचा दोष वाटला असेल, पण दोन आकड्यांतला फरक हीच माहिती निघाली, त्यातून ताऱ्याचं तापमान कळतं. १९५३ मध्ये जॉन्सन आणि मॉर्गन यांनी यू, बी, व्ही अशी फिल्टरची पद्धत पक्की केली, म्हणजे अतिनील, निळा आणि व्ही म्हणजे साधारण डोळ्याला जाणवतो तसा पिवळसर-हिरवा. बी मधली प्रत वजा व्ही मधली प्रत, हा झाला रंगाचा आकडा. अभिजित शून्याजवळ, सूर्य ०.६५, आणि आपला काक्षी १.८५. म्हणजे निळ्या फिल्टरमधून काक्षी जवळजवळ दोन प्रतींनी मंद, आणि अवरक्तात बघितलं तर तोच काक्षी व्याधालाही मागे टाकतो. नुसतं "तेजस्वी" म्हणून चालत नाही ते यामुळे.

माझ्याकडे साधा डीएसएलआर आहे, त्याने हेच करून बघायचं मी ठरवलं, कारण एक तर भाच्याचे टोमणे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल-हिरवा-निळा अशा बारीक चाळण्या असतातच, त्यातला हिरवा चॅनल व्ही फिल्टरच्या बराच जवळ जातो. पहिल्या रात्री झकास फोटो आले. घरी येऊन आकडे काढले तर काक्षी, राजन्य (रायजेल, मृगाचा आणखी एक पाय) आणि बेलाट्रिक्स तिघांच्या मधल्या पिक्सेलचा आकडा एकच! चौदा बिटच्या कॅमेऱ्यात पिक्सेल १६३८३ च्या वर मोजूच शकत नाही, बादली भरली की वाहून जाते तसं, आणि माझ्या सगळ्या बादल्या भरून वाहिल्या होत्या. त्यात मी जेपेग काढलेले. जेपेगमध्ये कॅमेरा डोळ्याला बरं दिसावं म्हणून आकड्यांना वळण देतो, दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा येत नाही, ते मोजमापाला अगदी निरुपयोगी. रॉ फाइलच हवी, म्हणजे सेन्सरचे आकडे जसेच्या तसे. दुसऱ्या रात्री मग रॉ, एक्सपोजर कमी, आणि मुद्दाम फोकस बिघडवलेला, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश पाच-दहा पिक्सेलऐवजी शंभरेक पिक्सेलांवर पसरतो आणि कुठलीच बादली भरत नाही. माझे आयुष्यातले सगळ्यात भिकार दिसणारे फोटो, आणि सगळ्यात कामाचे.

आकडा कसा काढतात ते थोडक्यात, कारण लोकांना वाटतं काहीतरी जादूचं सॉफ्टवेअर असतं. ताऱ्याभोवती एक गोल काढायचा, त्यातल्या सगळ्या पिक्सेलांची बेरीज. समजा ५२ हजार आली. पण त्यात ताऱ्याचा प्रकाश आहे तसा मागच्या आकाशाचाही आहे, चंद्र, रस्त्यावरचे दिवे, सगळं. म्हणून त्या गोलाबाहेर एक कडं काढायचं जिथे तारा नाही, तिथलं सरासरी आकाश मोजायचं आणि गोलाच्या क्षेत्रफळाइतकं वजा करायचं. समजा ते निघालं १२ हजार. उरले ४० हजार, तो ताऱ्याचा. आता त्याच फोटोतल्या शेजाऱ्याचं तसंच करायचं, समजा त्याचे निघाले एक लाख आणि त्याची प्रत माहीत आहे, १.०. गुणोत्तर अडीच पट, म्हणजे साधारण एक प्रत, म्हणजे आपला तारा २.० चा. झालं! बाकी कटकटी असतात, सेन्सर अंधारातही थोडा गुणगुणतो म्हणून झाकण लावून डार्क फ्रेम काढायच्या, लेन्सच्या कडेला उजेड कमी पडतो आणि सेन्सरवर धुळीचे डाग असतात म्हणून एकसारख्या उजळ पडद्याचे फ्लॅट काढायचे. फ्लॅट काढायचा मला प्रचंड कंटाळा येतो आणि दर वेळी न काढल्याचा पश्चात्ताप होतो. आणि एक चेक तारा घ्यायचा, म्हणजे शेजाऱ्याचा शेजारी, त्याचा आकडा रात्रभर स्थिर राहिला पाहिजे. तो हलला तर काक्षी हलला असं म्हणायचा तुम्हाला अधिकार नाही. याशिवाय तारे लुकलुकतात, त्याचाही आकड्यावर परिणाम होतो, म्हणून एक फोटो घेऊन भागत नाही, वीस-तीस घेऊन सरासरी.

एवढं करून माझा आकडा ०.०३ प्रतीच्या आसपास पक्का येतो. मोठ्या वेधशाळा, अवकाशातल्या दुर्बिणी हजाराव्या भागापर्यंत आणि त्याच्याही खाली जातात. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गुरूएवढा ग्रह गेला तर प्रकाश एक टक्का कमी होतो, पृथ्वीएवढा गेला तर दहा हजारांत एक भागही नाही, आणि केप्लर दुर्बीण तेवढं पकडायच्या बेताने बनवली होती. गाया उपग्रहाने तर २०२२ पर्यंतच्या नोंदींत १८० कोटींच्या वर ताऱ्यांची तेजस्विता दिली. पण मजा अशी की तिसऱ्या प्रतीच्या वरचे तारे गायाला अवघड जायचे, फार उजळ! काक्षी, व्याध, राजन्य असले तारे मोठ्या उपकरणांचे डोळे दिपवतात, त्यांच्याही बादल्या वाहतात. म्हणून २०१९-२० मध्ये काक्षीवर लक्ष ठेवायचं काम मुख्यतः छोट्या दुर्बिणींनी आणि नुसत्या डोळ्यांनी झालं. डिसेंबर २०१९ मध्ये ज्यांनी पहिला गजर केला त्या एडवर्ड गायनन आणि सहकाऱ्यांचे आकडेही वर्षानुवर्षं छोट्या दुर्बिणीने घेतलेले होते.

दृश्य प्रतीवर बरंच झालं, पण ती फक्त इथून कसा दिसतो तेवढंच सांगते. जवळचा मेणबत्तीवाला आणि लांबचा सर्चलाइटवाला सारखे दिसू शकतात. म्हणून सगळ्या ताऱ्यांना मनातल्या मनात एकाच अंतरावर उभं करतात, दहा पार्सेक, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षं, आणि तिथून त्यांची जी प्रत दिसेल ती निरपेक्ष प्रत. अंतर माहीत हवं हे आलंच, ते बेसेलने १८३८ मध्ये पहिल्यांदा एका ताऱ्याचं नीट मोजलं. व्याध आणि अगस्त्य घ्या, आकाशातला पहिला नंबर आणि दुसरा. व्याध साडेआठ प्रकाशवर्षांवर, दहा पार्सेकवर नेला तर १.४ चा होतो, म्हणजे मघाएवढा. अगस्त्य तीनशेच्या वर प्रकाशवर्षांवर, त्याला ओढून दहा पार्सेकवर आणला तर उणे ५.६, शुक्रापेक्षाही तेजस्वी! पहिला नंबर नुसता जवळ राहतो म्हणून पहिला. आणि सूर्य? ४.८. चांगल्या अंधारात दिसेल, शहरातून नाही. भाच्याला हे फार लागलं होतं, "म्हणजे आपला सूर्य गच्चीवरून दिसणारच नाही?" नाही.

हीच गोष्ट उलटी फिरवली की अंतर निघतं. हेन्रिएटा लेव्हिटने मॅगेलनच्या छोट्या मेघातले (ही आपल्या आकाशगंगेशेजारची एक छोटी दीर्घिका) २५ रूपविकारी तारे १९१२ मध्ये मांडले आणि दाखवलं की जितका तेजस्वी तारा तितका त्याचा उजळण्या-मंदावण्याचा कालावधी मोठा. ते सगळे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, त्यामुळे त्यांची तुलना खरी. परत शेजारीच बघा. कालावधी मोजला की खरी तेजस्विता कळते, दिसणारी तेजस्विता फोटोवर आहेच, दोघांच्या फरकातून अंतर. देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे हबलने यातूनच सिद्ध केलं.

काक्षीचं पुढे काय झालं ते राहिलंच. त्याने पोटातला वायू बाहेर टाकला, पृष्ठभागाचा एक भाग थंडावला, त्या वायूची धूळ झाली आणि ती नेमकी आपल्या बाजूला आडवी आली, असं मोठ्या दुर्बिणींच्या चित्रांवरून आता मानतात. पण मला सगळ्यात भारी वाटली ती हिमावरी-८ ची गोष्ट. हा जपानचा हवामान उपग्रह, ढगांचे फोटो काढण्यासाठी सोडलेला, दिवसरात्र पृथ्वीकडे बघत बसलेला. त्याच्या फोटोत पृथ्वीच्या कडेबाहेरचं थोडं आकाशही येतं, आणि त्या आकाशात अधूनमधून काक्षी येत होता. कुणाच्या तरी डोक्यात आलं की बघू तरी. साडेचार वर्षांचे आकडे निघाले, अवरक्तासकट, ज्याच्यासाठी उपग्रह बनवलाच नव्हता त्या कामाचे. २०२२ मध्ये छापून आलं ते. आणि तिथे चंद्र नाही, ढग नाही, क्षितिजाजवळची हवा नाही. मघाही नाही.

भाचा आता कॉलेजात आहे. गेल्या थंडीत परत गच्चीवर गेलो होतो, काक्षी आपल्या नेहमीच्या जागी, तब्येत बरी दिसत होती. या वेळी शेजारी घेतले प्रश्वा आणि रोहिणी. प्रश्वा ०.४, रोहिणी ०.९, मध्ये दहा पायऱ्या. मी म्हटलं चौथी, तो म्हणाला दुसरी. दोघंही ऐकेनात. रोहिणी स्वतःच थोडी रूपविकारी आहे हे त्याला मी सांगितलं नाही. वहीत दोन्ही आकडे लिहिले, ०.६ आणि ०.५, वेळ लिहिली, चंद्र नाही असं लिहिलं, आणि त्याने माझ्या हातातून पेन घेऊन समासात लिहिलं, "मामा टक लावून बघत होता."